सांगणे आणि देणे

कराविषयी आपल्याकडे जे काही बोलले जाते ते बहुधा देण्याविषयी बोलले जाते. किती द्यावा लागतो, का द्यावा लागतो, दिलेल्याचे पुढे काय होते, आणि शेजारचा व्यापारी आपल्या दसपट मिळवूनही आपल्याहून कमी कसा देतो, ही चर्चा ओट्यावर, एस. टी. च्या थांब्यावर, शिक्षकांच्या खोलीत बारमाही चालू असते. परंतु जो कागद आपण दरवर्षी आयकर खात्याकडे धाडतो त्याचे मराठी नाव पाहावे. त्याला कोणी ‘देयकपत्र’ म्हटलेले नाही. त्याला ‘विवरणपत्र’ म्हणतात. विवरण म्हणजे उलगडून सांगणे. त्या एका कागदात दोन वेगळी कर्तव्ये एकत्र नांदत असतात : एक सांगण्याचे, दुसरे देण्याचे. आपण मात्र ती दोन्ही एकच आहेत असे धरून चालतो. आणि म्हणून जेथे देणे नाही तेथे सांगण्याचेही कारण नाही, असा निष्कर्ष आपल्या मनात आपोआप तयार होतो. हा निष्कर्ष बरोबर आहे काय, एवढाच माझा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याच्या मागे मागे चालत गेले की माणूस कोठला, त्याचे ऋण कोणाकडे, आणि जे कोणी पाहत नाही ते सांगावे की नाही, अशा जुन्या आणि अवघड प्रश्नांच्या उंबरठ्यावर तो आपल्याला नेऊन उभा करतो.

हा प्रश्न तपासण्यासाठी मी एक आडबाजूचे उदाहरण घेतो : परक्या सरकारकडून मिळणाऱ्या पेन्शनचे. आडबाजूचे म्हटले खरे, पण आता तितकेसे आडबाजूचे ते राहिलेले नाही. १९६२ च्या कायद्यानंतर परवाने मिळवून विलायतेस गेलेले कामगार, तेथील रुग्णालयांतून राबलेल्या परिचारिका आणि डॉक्टर, १९६५ मध्ये अमेरिकेने आपले दार उघडल्यावर तिकडे गेलेले इंजिनियर, यांतील बहुतेक तिकडेच स्थिरावले. पण काहीजण उतारवयात परत आले. पुण्या-नाशिकात तर ते आहेतच, पण तालुक्याच्या गावीही एखादे घर असे सापडते की जेथे ठराविक आठवड्यांनी पौंड येतात किंवा दरमहा डॉलर येतात. पैसा पाठविणारे सरकार एक, आणि ज्याच्या रस्त्यावरून तो पेन्शनर सकाळी फिरावयास जातो ते सरकार दुसरे. या दोहोंच्या मध्ये तो म्हातारा आणि त्याचे विवरणपत्र.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. कारण ते कळल्यावाचून नीतीचा विचार हवेतच राहील. जो भारतात ‘निवासी’ ठरतो त्याचे जगभरातले उत्पन्न येथे मोजले जाते, हे तत्त्व १९६१ च्या आयकर कायद्यात होते आणि त्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या कायद्यातही ते आहे. परदेशातून कायमच्या परतलेल्या माणसाला मात्र कायदा पहिली दोन-तीन वर्षे, त्याच्या आधीच्या मुक्कामाचे दिवस मोजून, थोडा पाहुणचार करतो. त्या मुदतीत परदेशात उपजलेले आणि तेथेच हाती पडलेले उत्पन्न येथे धरले जात नाही. मुदत संपली की पाहुणा घरचा झाला. मग घरच्यासारखे सगळे सांगावयाचे.

यानंतर येतात ते दोन सरकारांमधले करार. एकाच रुपयावर दोन सरकारांनी कर घेऊ नये म्हणून ते केलेले असतात. ब्रिटनशी भारताने केलेल्या १९९३ च्या कराराप्रमाणे, येथे राहणाऱ्या माणसाला मिळणाऱ्या ब्रिटिश ‘स्टेट पेन्शन’वर कर घेण्याचा अधिकार भारताचाच आहे. (तेथील सरकारी नोकरीच्या पेन्शनचा नियम वेगळा आहे.) अमेरिकेशी १९८९ मध्ये सही झालेल्या कराराप्रमाणे उलट आहे. तेथील ‘सोशल सिक्युरिटी’ची रक्कम येथे राहणाऱ्याला मिळाली, तरी तिच्यावर कर घेण्याचा अधिकार अमेरिकेचाच. म्हणजे एकाच गल्लीत राहणारे दोन म्हातारे घ्या. दोघांना सारखीच रक्कम येते. विलायतेहून परतलेल्याने येथे कर द्यावयाचा. अमेरिकेहून परतलेल्याने येथे द्यावयाचा नाही, त्याचा हिशेब अमेरिकेशी. पण विवरणपत्रात सांगावयाचे मात्र दोघांनीही. ज्या उत्पन्नावर करारामुळे येथे कर नाही ते लिहिण्यासाठीही त्या कागदात एक रकाना केलेला आहे. देणे एकाला, सांगणे दोघांना. आपल्या प्रश्नाची गाठ नेमकी येथे आहे.

आमच्या ओळखीचे असे एक काका आहेत. पंचवीसहून अधिक वर्षे विलायतेत राबले, निवृत्त झाले आणि गावचे घर दुरुस्त करून येथे राहिले. त्यांचा कागदपत्रांचा व्यवहार चोख, स्वभाव सरळ. पण या एका बाबतीत ते माझ्याशी अनेकदा भांडले आहेत, आणि त्यांचे भांडण मला ऐकण्यासारखे वाटते.

“अहो मास्तर,” ते म्हणतात, “घाम मी तिकडे गाळला, वर्गणी तिकडे भरली, पेन्शन ते सरकार देते. यात दिल्लीचा संबंध काय?”

“काका, तुम्ही राहता इथे.”

“राहतो ते माझ्या बापजाद्यांच्या घरात राहतो. सरकारच्या धर्मशाळेत नाही राहत!”

या उत्तरावर हसू येते. परंतु हसून ते संपत नाही. काकांच्या बोलण्यात तीन-चार वेगळे युक्तिवाद एकमेकांत गुंतलेले आहेत. ते सोडवून एकेक पाहिले पाहिजेत.

पहिला युक्तिवाद असा : पेन्शन हा माझाच पैसा आहे. मी तरुणपणी ठेव ठेवली, म्हातारपणी ती परत घेतो आहे. स्वतःची ठेव परत घेणे याला उत्पन्न कसे म्हणावयाचे? हा समज फार पसरलेला आहे आणि तो माणसाला सुखावणारा आहे. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेत १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला आणि मासिक पेन्शनचा पहिला धनादेश ३१ जानेवारी १९४० या तारखेचा निघाला. तो आयडा मे फुलर नावाच्या, व्हर्मॉन्ट संस्थानात वकिलाच्या कचेरीत काम केलेल्या बाईंच्या नावाचा होता. रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. या बाईंच्या पगारातून तीन वर्षांत कापली गेलेली एकूण वर्गणी होती २४ डॉलर ७५ सेंट. म्हणजे दुसऱ्याच महिन्यात त्यांची सारी ‘ठेव’ फिटून गेली. त्या १९७५ पर्यंत, वयाच्या शंभराव्या वर्षापर्यंत जगल्या आणि त्यांना एकंदर २२ हजार ८८८ डॉलर मिळाले. हा पैसा त्यांच्या ठेवीतून आलेला नव्हता. तो त्या त्या वर्षी कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या तरुण माणसांच्या पगारातून आला होता.

ब्रिटनमध्येही तेच आहे. १ जानेवारी १९०९ रोजी तेथे सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंतचे पेन्शन मिळू लागले, तेव्हा तर त्यांनी वर्गणीच भरलेली नव्हती. पुढे १९४२ च्या बेव्हरिज अहवालातून निघालेली वर्गणीची व्यवस्था ५ जुलै १९४८ पासून चालू झाली. पण तीतही आजची वर्गणी आजच्या म्हाताऱ्यांना वाटली जाते. काकांनी तरुणपणी जी वर्गणी भरली ती तेव्हाच्या ब्रिटिश म्हाताऱ्यांच्या चहासाखरेत केव्हाच विरघळली. आज त्यांना जे येते ते मँचेस्टरच्या किंवा लेस्टरच्या एखाद्या तरुणाच्या आजच्या श्रमांतून येते. तो तरुण काकांना ओळखत नाही. तरी तो देतो. कारण त्याच्या मिळकतीचा आकडा सरकारदरबारी सांगितला जातो. लक्षावधी माणसांचे उत्पन्न प्रामाणिकपणे सांगितले गेले, म्हणून काकांचे पेन्शन उभे राहिले. त्या सांगण्यावर जो म्हातारपण काढतो, त्याच्याकडून तसेच सांगणे मागितले तर ती जबरदस्ती म्हणता येईल का? मला वाटते, नाही.

दुसरा युक्तिवाद म्हणजे ‘दिल्लीचा संबंध काय’. हा अधिक गंभीर आहे. पेन्शनवर हक्क कोणत्या भूमीचा, जेथे ते मिळविले तिचा की जेथे ते खाल्ले तिचा? या प्रश्नाशी आपली ओळख फार जुनी आहे. फक्त तेव्हा आपण पलीकडच्या बाजूला होतो. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानच्या तिजोरीतून दरवर्षी ‘होम चार्जेस’ या नावाखाली मोठी रक्कम विलायतेस जाई. तीत कर्जावरचे व्याज असे, खरेदीचा पैसा असे, आणि येथे नोकरी करून मायदेशी परतलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनेही असत. म्हणजे कोकणातल्या रयतेने भरलेला सारा आणि मिठावरचा कर यांचा काही अंश इंग्लंडातल्या एखाद्या निवृत्त कलेक्टरच्या बागेत गुलाब होऊन फुलत असे. दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर याविरुद्ध लिहिले, आणि १९०१ मध्ये त्यांचा जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला त्यात हा सगळा हिशेब मांडला. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे गोपाळ कृष्ण गोखले साक्षीला उभे राहिले ते हिंदुस्थानच्या खर्चाच्या याच हिशेबासाठी.

ही आठवण मी देतो ती जुने वैर उकरण्यासाठी नव्हे. दादाभाईंचे शस्त्र कोणते होते ते पाहावे. सरकारनेच छापलेले अहवाल आणि तक्ते घेऊन ते बसले, आणि कोठून किती येते व कोठे किती जाते ते त्यांनी जगाला वाचून दाखविले. राज्यकर्त्यांनी हिशेब उघडा करावा, ही आपल्या राजकारणाची जवळजवळ पहिली मागणी होती. जो समाज एके काळी राज्यकर्त्यांना ‘सांगा’ म्हणून उभा राहिला, त्याने स्वतःचे सरकार आल्यावर ‘आम्ही मात्र सांगणार नाही’ असे म्हणणे विसंगत आहे. आज पैशाच्या प्रवाहाचा एक लहानसा ओघळ उलट्या दिशेने वाहतो आहे. पेन्शन तिकडून इकडे येते आहे. दिशा बदलली म्हणून तत्त्व कसे बदलावे?

आता जेथे मिळविले तेथे कर, की जेथे खाल्ले तेथे? ब्रिटनशी केलेल्या करारात दुसरे उत्तर आहे, अमेरिकेशी केलेल्यात पहिले. मला दोन्ही उत्तरे समर्थनीय वाटतात. ज्या समाजाने पेन्शन उभे केले त्याचा त्यावर हक्क आहे. आणि म्हातारपणी ज्याचे पाणी, दिवे, रस्ते, दवाखाने आपण वापरतो त्याचाही आहे. दोन्ही हक्क खरे असल्यामुळेच ते तडजोडीने ठरवावे लागले. निसर्गाच्या नियमातून यांतले एकच उत्तर निघत असते तर करारांची गरजच नव्हती. पण तडजोड टिकते ती दोन्ही पक्षांना वस्तुस्थिती ठाऊक असेल तर. करारातली सवलत घ्यावयाची आणि करार ज्या माहितीवर उभा आहे ती दडवावयाची, हे म्हणजे पंचांचा निवाडा मान्य करून त्यांच्यापुढे साक्ष मात्र द्यावयाची नाही, असे होईल.

‘संबंध काय’ या युक्तिवादाची आणखी एक कसोटी आहे. आपलीच माणसे घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एखादे गुरुजी न्यू जर्सीत मुलाकडे राहावयास जातात. त्यांना तेथील कायम वास्तव्याचे ग्रीन कार्ड मिळते. पेन्शन सातारच्या बँकेत जमा होत असते. अमेरिकेचा कायदा त्यांना सांगतो की तुमचे जगभरातले उत्पन्न, हे पेन्शनसुद्धा, आमच्या विवरणपत्रात लिहा. भारतात कर भरला असेल तर त्याची वजावट मागा. तेव्हा गुरुजी काय म्हणतात? “पेन्शन महाराष्ट्र सरकारचे, नोकरी मी वाईला केली, यात अमेरिकेचा संबंध काय?” म्हणजे विलायतेहून येथे आलेला म्हणतो पेन्शन तिकडचे म्हणून इकडे सांगणार नाही; आणि येथून तिकडे गेलेला म्हणतो पेन्शन इकडचे म्हणून तिकडे सांगणार नाही. दोघांचे म्हणणे एकदम मान्य केले, तर पेन्शन असा एक पैसा ठरतो की जो खर्च होतो त्या भूमीवर त्याच्याविषयी कधी काही बोलावयाचेच नाही. जो युक्तिवाद माणूस जेथे असेल तेथे त्याच्याच सोयीचा ठरतो, त्याला तत्त्व म्हणता येत नाही.

तिसरा युक्तिवाद दुःखाचा आहे, आणि त्याला मी हलके मानत नाही. ब्रिटनचे स्टेट पेन्शन तेथे राहणाऱ्यांसाठी दरवर्षी वाढते. परंतु भारतात राहणाऱ्यांचे वाढत नाही. येथे येताना, किंवा येथे असताना पेन्शन सुरू झाले तर त्या वेळी, जो आकडा असेल तोच कायम गोठतो. मूळ पेन्शन २००० साली पूर्ण दराने आठवड्याला ६७ पौंड ५० पेन्स होते. २०२४ मध्ये ते १६९ पौंड ५० पेन्स झाले. २००० मध्ये पूर्ण पेन्शन घेऊन येथे परतलेला माणूस मात्र त्या ६७ पौंड ५० पेन्सांवरच आहे. तोच माणूस अमेरिकेत, फिलिपीन्समध्ये किंवा जमेकात जाऊन राहिला असता तर त्याला वाढ मिळाली असती. कारण त्या देशांशी ब्रिटनचा तसा करार आहे आणि भारताशी नाही. हे प्रकरण न्यायालयातही गेले होते. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या एका बाईंनी ते लढविले. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने आणि २०१० मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल विरुद्ध दिला. त्यातला एक मुद्दा असा होता की ही वर्गणी म्हणजे खाजगी विम्याचा हप्ता नव्हे. ती भरल्याने ठराविक रकमेवर मालकी येत नाही.

कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर असेल. परंतु एकाच यंत्रावर शेजारी शेजारी उभे राहून सारखीच वर्गणी भरलेल्या दोघांपैकी एकाला म्हातारपणी अडीचपट मिळावे आणि दुसरा आपल्या आईवडिलांच्या गावी परतला एवढ्यासाठी तो मागे राहावा, यात मला न्याय दिसत नाही. काका संतापतात ते योग्यच आहे. तथापि तो संताप कोणाच्या खात्यावर लिहावयाचा? लंडनने अन्याय केला म्हणून दिल्लीशी, किंबहुना आपल्याच गल्लीतल्या करदात्यांशी, आपण मौन धरावे, याने अन्यायाची भरपाई होत नाही. तो फक्त तिसऱ्याच माणसाच्या दारी नेऊन टाकला जातो. शिवाय येथला कर जे हाती येते त्याच्यावर असतो. जे मिळावयास हवे होते त्याच्यावर नसतो. पेन्शन गोठलेले असेल तर करही तेवढ्यापुरताच. आणि बहुतेकदा ही रक्कम इतकी लहान असते की, दुसरे फारसे उत्पन्न नसल्यास, कर शून्यच निघतो. म्हणजे पुन्हा तेच : देणे नाही, फक्त सांगणे आहे.

तर मग देणे नसताना सांगावे का? आता मूळ प्रश्नाला सरळ भिडू.

आपल्या जुन्या एकत्र कुटुंबांची रीत आठवावी. कोकणातल्या एखाद्या घरचा थोरला मुलगा गिरणीत असे आणि दरमहा मनिऑर्डर धाडी. धाकट्याची बायको माहेरून आलेली थोडी रक्कम स्वतःजवळ ठेवी. घरच्या कर्त्याला ते ठाऊक असे. ‘ते तिचे आहे, त्याला हात लावावयाचा नाही’ असे त्यानेच ठरविलेले असे. ती रक्कम कोणी मागत नसे आणि तिच्याबद्दल कोणी कुजबुजतही नसे. पण तेवढीच रक्कम दुसऱ्या कोणी ट्रंकेच्या चोरकप्प्यात दडवली आणि ती पुढे सापडली, तर घरात वर्षानुवर्षे अढी राही. दोन्ही ठिकाणी रुपये तेवढेच आणि घराला मिळालेले शून्यच. फरक एवढाच की एक रक्कम सांगितलेली होती. न सांगितलेली सवलत ही चोरीपासून वेगळी ओळखता येत नाही. सांगितले की तिला हक्काचे रूप येते. अमेरिकेहून परतलेल्या म्हाताऱ्याने ‘हे एवढे मिळते आणि करारान्वये यावर येथे कर नाही’ असे लिहिले, की तो कोणाची कृपा मागत नाही. तो आपला हक्क उजेडात उभा करतो. त्याने ते गाळले तर कर तेवढाच, म्हणजे शून्य; पण एक उजळ माथ्याचा हक्क त्याने स्वतःच्या हाताने अंधारात नेऊन ठेवला.

आणि सांगण्याचा आपल्याला मुळात कंटाळा आहे असेही नाही. परदेशातल्या पेन्शनरांकडे ब्रिटन आणि अमेरिका दोन्ही सरकारे अधूनमधून हयातीचा कागद पाठवितात : आपण जिवंत आहात हे कळवा. आमचे काका तो कागद आला की त्याच दिवशी साक्षीदार गाठून सही घेतात आणि टपालात टाकतात. आपल्याकडचे पेन्शनर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेपुढे रांग लावतात. ‘मी आहे’ हे सांगण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही; कारण त्या सांगण्याने पैसा चालू राहतो. ज्या सांगण्याने पैसा येतो ते तत्परतेने करावयाचे आणि ज्याने कदाचित थोडा जाईल ते टाळावयाचे, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. परंतु मनुष्यस्वभाव हे समर्थन नव्हे.

यावर कोणी म्हणेल, ‘अहो, आता सांगावयाचे उरले आहे काय? सरकारला सगळे आधीच कळते.’ हे बरेचसे खरे आहे. अमेरिकेशी २०१५ मध्ये आणि इतर अनेक देशांशी २०१७ पासून, कोणाचे खाते कोठे आहे याची माहिती सरकारे एकमेकांना आपोआप कळवू लागली आहेत. पण यातून दोन वेगळ्या गोष्टी निघतात. जो केवळ पकडले जाण्याच्या भयाने लिहितो, त्याच्या लिहिण्याला नीती म्हणता येणार नाही; ती सावधगिरी. आणि जो म्हणतो की ‘त्यांना ठाऊकच आहे, मग मी कशाला सांगू,’ तो सांगणे म्हणजे केवळ बातमी पोचविणे असे समजतो. तसे असते तर वर्गात हजेरी घेण्याचे कारणच नव्हते. पन्नास मुले मला डोळ्यांनी दिसत असतात. तरीही नाव पुकारल्यावर प्रत्येकाने ‘हजर’ म्हणावयाचे असते. कारण त्या शब्दाने मूल स्वतः त्या वर्गाचे होते. विवरणपत्रातले सांगणे या जातीचे आहे.

मात्र हा न्याय एकतर्फी असून चालणार नाही. सरकारने सांगावयास लावले की सरकारवर ऐकण्याचे कर्तव्य येते. ऐकणे म्हणजे सांगणाऱ्याला सांगता येईल असे विचारणे. आज एका म्हाताऱ्याला तीन पंचांगे सांभाळावी लागतात. ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते, आपले १ एप्रिलला, अमेरिकेचे १ जानेवारीला. आणि आपल्याच विवरणपत्रातला परदेशी मालमत्तेचा तक्ता पुन्हा जानेवारी ते डिसेंबरचा. ज्या सोप्या नमुन्याला सरकारने ‘सहज’ असे गोड नाव दिले आहे, तो परदेशी उत्पन्न असणाऱ्याला वापरता येत नाही; त्याच्या वाट्याला लांबलचक नमुना येतो. आणि चुकले तर? २०१५ च्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याप्रमाणे परदेशी उत्पन्न किंवा मालमत्ता न दाखविल्यास १० लाख रुपयांचा दंड बसू शकतो. बड्या चोरांसाठी विणलेल्या या जाळ्यात, तिकडच्या बँकेत औषधपाण्यापुरते जुने खाते राहून गेलेली एखादी निवृत्त परिचारिकाही अडकू शकत होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता एकूण २० लाख रुपयांपर्यंत असेल तर ती दाखविण्यात राहून गेली तरी हा दंड लागू नये, असा बदल झाला. हा बदल योग्य दिशेचा आहे. विसरणारा आणि लपविणारा यांतला भेद जे सरकार करत नाही, ते लोकांना सत्य शिकवीत नाही. फक्त भय शिकविते. आणि भ्यालेला माणूस सांगण्याऐवजी गप्प बसणेच पसंत करतो, हे कोणत्याही शाळामास्तराला ठाऊक असते.

आपल्या परंपरेने माणसाला जन्मतःच ऋणी मानले : देवांचा, ऋषींचा, पितरांचा. या तिन्ही ऋणांचे एक वैशिष्ट्य असे की ती पूर्णपणे फेडली जातील अशी अपेक्षाच नाही. ती प्रथम ओळखावयाची असतात. फेडणे ऐपतीप्रमाणे. ओळखणे मात्र गरीब-श्रीमंत सर्वांना सारखे. मला वाटते, नागरिकाच्या ऋणाचेही तसेच आहे. कर किती द्यावयाचा हे उत्पन्न, करार, वजावटी आणि दर यांवर ठरेल. ते कधी पुष्कळ असेल, कधी शून्य असेल, आणि ते किती असावे याविषयी आपण सरकारशी जन्मभर भांडू शकतो. भांडावेही. परंतु ते भांडण करण्याचा अधिकार ज्याने आपला आकडा पुढे ठेवला आहे त्याचाच आहे. ज्याने तोच लपविला, त्याने भांडणाचाही हक्क सोडला.

दोन देशांत आयुष्य काढलेल्या माणसाला तर हे सांगणे अधिकच मोलाचे व्हावे. तो तिकडे होता तेव्हा ‘तुम्ही मूळचे कोठले?’ हा प्रश्न त्याला जन्मभर ऐकावा लागला. आणि येथे परतल्यावर शेजारीपाजारी त्याला ‘विलायतवाले’ म्हणतात. दोन्हीकडे तो थोडा पाहुणाच. त्याच्या विवरणपत्रातली ती एक ओळ, ‘अमुक सरकारकडून मला एवढे मिळते आणि मी येथे राहतो,’ ही दोन्ही ठिकाणच्या ऋणांची एकाच दमात दिलेली कबुली आहे. तीवर कर येवो वा न येवो, ती लिहिणारा माणूस येथे पाहुणा राहत नाही.